कुंपणाच्या आत, विम्याच्या बाहेर

घराचा विमा काढला की फाटकाच्या आतले सगळे त्यात आले, असे बहुतेकांना वाटते. कुंड्या, पाण्याची मोटर, झोपाळा, दगडी मूर्ती, अंगणातले चंदनाचे झाड, सगळेच. प्रत्यक्षात घरविम्याची रचना बंद दार आणि कुलूप यांच्याभोवती झालेली आहे, आणि बाग असते दाराबाहेर. त्यामुळे बागेचे रक्षण आधी विम्यावर आणि मग उरलेच तर कुलपावर सोपवण्याचा प्रघात उलटा करावा लागतो. वस्तू सहज उचलता येऊ नये ही पहिली पायरी, ती आपली होती याचा पुरावा ही दुसरी, आणि विमा तिसरी. हा क्रम का, ते विम्याची, कायद्याची आणि पाहणीची वस्तुस्थिती तपासली की कळते.

विमा नियामक प्राधिकरणाने 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आणली आणि आज घरविम्याचा तोच पाया आहे. तिच्यात ‘घर’ या व्याख्येत इमारतीबरोबर कंपाउंडची भिंत, कुंपण, फाटक आणि पाण्याच्या पक्क्या टाक्याही धरल्या आहेत. एवढे वाचून माणूस निर्धास्त होतो. पण ही पॉलिसी मुळात आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल अशा घटनांसाठी आहे. चोरीचा उल्लेख आहे तो अशा एखाद्या घटनेमुळे, आणि तीही घडल्यापासून 7 दिवसांच्या आत झालेल्या चोरीपुरता. वादळात फाटक पडले आणि दोन दिवसांनी पडक्या जागेतून सामान गेले, तर दावा करता येतो. एरवी एखाद्या शांत रात्री कुणी मोटर उचलून नेली, तर ती पॉलिसी तिथे लागूच होत नाही. घरगुती वस्तूंचे संरक्षण इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपये, इतके आपोआप मिळते हे खरे. मात्र त्या वस्तूंच्या व्याख्येत फर्निचर, विजेची उपकरणे, कपडे, पाणी साठवण्याची साधने अशी उदाहरणे आहेत, झाडांचे नाव नाही. शिवाय जी वस्तू नुसतीच ‘सापडत नाही’ आणि जिचे नाहीसे होणे कोणत्याही एका ठराविक घटनेशी जोडता येत नाही, तिची भरपाई नाही, असे स्पष्ट कलम आहे. बागेतल्या वस्तू बहुतेक अशाच जातात. कधी गेली हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही.

मग जादा हप्ता भरून घरफोडीचे संरक्षण घेतले की झाले का? तिथेही पूर्ण नाही. अशा पॉलिसींत भरपाईसाठी बळजबरीने आत शिरल्याची किंवा बाहेर पडल्याची अट असते आणि तिच्या खुणा दिसाव्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या प्रकरणात हीच अट उचलून धरली: पॉलिसीत जी व्याख्या लिहिली आहे तीच लागू, फौजदारी कायद्यातला अर्थ बाहेरून आणता येणार नाही. यावर वाजवी हरकत अशी की भारतीय न्याय संहितेनुसार भिंतीवर चढून घरात शिरणे हीसुद्धा घरफोडीच ठरते. बरोबर आहे, पण ती व्याख्या आरोपीला शिक्षा देण्यासाठी आहे. आणि तीही घरात शिरण्याबद्दल, मोकळ्या अंगणात उतरण्याबद्दल नव्हे. कंपाउंडवरून उडी मारून कुंडी उचलणाऱ्याने काहीच फोडलेले नसते. म्हणून पॉलिसी घेताना एकच प्रश्न लेखी विचारावा: इमारतीबाहेर, पण कंपाउंडच्या आत ठेवलेली वस्तू धरता का? होकार आला तर ती वस्तू नावानिशी, किमतीसह यादीत घालून घ्यावी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीच्या पॉलिसीवर विसंबू नये. तिचा विषय इमारत आणि सामायिक मालमत्ता हा असतो, तुमच्या गच्चीतले बोन्साय नव्हे.

कायद्याबद्दलचा गैरसमज याच्या नेमका उलटा आहे. झाडे-फुले नेली तर चोरी कसली, पोलिस हसतील, म्हणून लोक तक्रारच करत नाहीत. संहितेच्या कलम 303 मध्ये स्पष्ट म्हटले आहे की जमिनीला जोडलेली वस्तू तशी असेपर्यंत चोरीचा विषय होत नाही, पण जमिनीपासून सुटताक्षणी होते. गुलाबाचे रोप उपटून नेणे म्हणजे चोरीच. पहाटे पूजेसाठी कुंपणाबाहेर आलेली चार जास्वंदीची फुले तोडणे ही वेगळी गोष्ट. किरकोळ हानीचे कृत्य गुन्हा ठरत नाही अशी तरतूद कलम 33 मध्ये आहे, आणि तिथे शेजाऱ्याशी बोलणेच शहाणपणाचे. खरी अडचण रकमेची आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या व्यवस्थेत 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र वर्गात टाकली आहे. तिची नोंद ‘एनसी’ म्हणून होते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. म्हणून किंमत पुराव्यासकट मांडता आली पाहिजे. एकाच रात्री मोटर, पितळी नळ आणि सहा कुंड्या गेल्या असतील, तर ती एकच घटना म्हणून एकत्र किंमत सांगावी. कुंडी, माती, रोपाचे वय, मोटरचे बिल, सगळे त्यात येते. तक्रार इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते. मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

आता प्रत्यक्ष बचाव. उंच भिंत म्हणजे सुरक्षा, हा सर्वांत रुजलेला समज. अमेरिकी वास्तुरचनाकार ऑस्कर न्यूमन यांनी 1972 च्या आपल्या पुस्तकात मांडलेला विचार आजही पटतो: जागा राहणाऱ्यांच्या नजरेखाली असेल तर ती राखली जाते. सात फुटी भिंतीआड उतरलेला चोर रस्त्यावरच्या कुणालाच दिसत नाही. त्यापेक्षा बेताची भिंत, वर जाळी आणि आतून करवंदाची किंवा बोगनवेलीची काटेरी दाटी हे जास्त उपयोगी. कॅमेऱ्याचेही तसेच. सीसीटीव्हीवरच्या चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुन्ह्यांत सरासरी 13 टक्क्यांच्या आसपास घट आढळली, सर्वाधिक वाहनतळांवर. आणि कुणी प्रत्यक्ष पाहत नसलेल्या नुसत्या चित्रीकरणाचा ठळक परिणाम दिसला नाही. अभ्यास मुख्यतः परदेशातले आहेत, पण अंगणाच्या कोपऱ्यात लावून विसरलेल्या कॅमेऱ्याकडून किती अपेक्षा ठेवावी, एवढे त्यावरून ठरवता येते.

मोटरचेच पाहा. तिच्यातल्या तांब्याच्या वायंडिंगसाठी ती जाते, आणि चार नटांवर उभी असते. पाना असला की काम पाच मिनिटांचे. लोहाराकडून लोखंडी पिंजरा करून तो काँक्रीटमध्ये बसवला आणि नटांना वेल्डिंगचा टिपका दिला, की तेच काम आवाजाचे आणि वेळखाऊ होते. शिवाय आता मोटर न्यायला पिंजरा तोडावा लागतो. मोडतोडीची खूण राहते, आणि विम्याच्या अटीतली मोडतोडही अशी प्रथमच जुळू शकते. मोटरवरच्या पट्टीतल्या अनुक्रमांकाचा फोटो आणि स्वतः कोरलेली खूण असावी, कारण भंगारात सापडलेली मोटर आपलीच आहे हे त्याशिवाय सिद्ध होत नाही. शिडी, पहार आणि कोयता बागेत उघड्यावर ठेवणे मात्र सर्वांत वाईट. ती अवजारे दुसऱ्याच्या हातात गेली की खिडकी आणि दार दोन्ही सोपी होतात. ‘चार कुंड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला’ या आक्षेपाला एवढे उत्तर पुरे आहे.

चंदनाचे प्रकरण वेगळे आहे. पुण्यात बंगल्यांच्या आवारातून चंदन कापून नेल्याच्या बातम्या वारंवार येतात. गाभा सुगंधी झाला की नाही हे पाहण्यासाठी चोर खोडाला छोटे भोक पाडतात. बुंध्यावर असे ताजे छिद्र दिसले की काही दिवसांत पुन्हा फेरी होणार असे धरावे, फोटो काढून पोलिसांना कळवावे आणि झाडाभोवती दिवा लावावा. ‘चोरी होण्यापेक्षा आपणच कापून टाकू’ हा सल्ला ऐकू नये: चंदन 1964 च्या झाडतोड नियंत्रण कायद्याच्या यादीत आहे, आणि शहरी भागात वृक्ष संरक्षणाचा 1975 चा कायदाही लागतो, त्यामुळे परवानगीशिवाय केलेली तोड मालकालाच अडचणीत आणते. चोरांनी झाड नेले असेल, तर उरलेल्या बुंध्याला पंचनामा होईपर्यंत हात लावू नये.

दावा फेटाळला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. 50 लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे तिथे चालतात, आणि मुंबईप्रमाणे पुण्यातही कार्यालय आहे. तिथे वकिलाऐवजी कागद बोलतात: पॉलिसीतले शब्द, तक्रारीची प्रत, बिले, आणि मोडलेल्या पिंजऱ्याचे त्याच दिवशी काढलेले फोटो.