एक किलोचा अ‍ॅम्प, छत्तीस किलोचे कॅबिनेट

इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज आपण ओळखतो, तो मुळात गिटारमधून येतच नाही. तार छेडली की पिकअपमधल्या चुंबकांभोवती हजारो वेढे दिलेल्या बारीक तांब्याच्या तारेत अगदी क्षीण वीज उमटते. अ‍ॅम्प तिला बळ देतो आणि लाकडी खोक्यात बसवलेला स्पीकर तिला हवेत सोडतो. या खोक्याला वादक कॅबिनेट किंवा नुसते कॅब म्हणतात. तंबोऱ्याला जसा भोपळा, तसे इलेक्ट्रिक गिटारला कॅब. मिरजेचा कारागीर भोपळ्याचा घेर आणि जाडी पारखून घेतो, कारण नाद तिथे घडणार असतो. कॅबचेही तसेच आहे. ते वाद्याच्या बाहेर, चार पावलांवर उभे असते, पण असते वाद्याचाच भाग.

आज अ‍ॅम्प, कॅब आणि त्यासमोरचा माइक हा सगळा पसारा गणिताच्या रूपाने एका जाडजूड पुस्तकाएवढ्या यंत्रात मावतो. त्या यंत्राला मॉडेलर म्हणतात. ‘लाइन सिक्स’ कंपनीच्या ‘एचएक्स स्टॉम्प’ या मॉडेलरचे वजन एक किलोच्या आसपास आहे, तर मार्शल कंपनीच्या ‘१९६०’ या चार स्पीकरांच्या कॅबचे सुमारे ३६ किलो. पण मॉडेलरला स्वतःचा कंठ नाही. त्यातून निघालेला आवाज शेवटी कुठल्यातरी स्पीकरमधूनच ऐकायचा असतो, आणि वादकापुढे दोन वाटा येतात: पॉवर्ड मॉनिटर, म्हणजे आवाज जसाच्या तसा वाजवणारा स्पीकर, किंवा गिटारचे पारंपरिक कॅब. कोणती वाट धरली यावर मॉडेलरच्या आतली मांडणी ठरते. ती चुकली की उत्तम मॉडेलरही कर्कश किंवा मेंगळट वाजतो.

पाच हजार हर्ट्झची भिंत

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. चांगला मॉनिटर यातला जवळजवळ सगळा पट्टा सारख्या जोराने वाजवतो. गिटारचा स्पीकर तसा नसतो. सेलेस्टियन या इंग्लिश कंपनीचा ‘व्हिंटेज ३०’ हा १२ इंची, ६० वॉटचा स्पीकर जगभर वापरला जातो. त्याचा पट्टा कंपनीच देते तो ७० ते ५,००० हर्ट्झ. त्याच्या वरचे आवाज झपाट्याने विरतात.

ध्वनियंत्रणेच्या हिशेबात ही उणीव ठरेल, पण गिटारला तीच मानवली. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झला वाजते आणि बाविसाव्या पडद्यावरचा सर्वांत उंच सूर सुमारे १,१७५ हर्ट्झला. म्हणजे मूळ सूर सगळे स्पीकरच्या पट्ट्यातच बसतात. अ‍ॅम्पवर ताण आला की लहरीचे माथे सपाट होतात आणि मूळ सुरावर नव्या उपस्वरांचे थर चढतात. जवारी लावलेल्या तंबोऱ्यात उपस्वर उजळतात, तसेच काहीसे इथे घडते. मात्र ताणलेल्या अ‍ॅम्पचे उपस्वर फार वरपर्यंत जातात आणि तिथे ते कानाला बोचतात. स्पीकरचा कागदी शंकू त्यांना पाच हजारांच्या भिंतीशी अडवतो. उरतो तो दाट, भरदार आवाज.

स्पीकर म्हणजे आवाज घडवणारा, हे वादकांनी फार पूर्वीच हेरले होते. १९६४मध्ये ‘द किंक्स’ या लंडनच्या बँडचे डेव्ह डेव्हिस यांनी आपल्या छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा शंकू ब्लेडने चिरला. त्या फाटक्या कागदाचा आवाज त्यांच्या ‘यू रिअली गॉट मी’ या गाण्यात आजही ऐकू येतो.

व्हॉल्व्हपासून चिपपर्यंत

१९६२मध्ये लंडनच्या हॅनवेल भागातले ड्रमशिक्षक आणि दुकानदार जिम मार्शल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ अ‍ॅम्पच्या धर्तीवर ‘जेटीएम ४५’ हा व्हॉल्व्हचा, म्हणजे निर्वात नळ्यांचा, अ‍ॅम्प घडवला. त्या काळचा एकेक स्पीकर थोडीच शक्ती पेलू शके, म्हणून त्यांनी चार १२ इंची स्पीकर एका बंद खोक्यात बसवले. १९६५च्या सुमारास ‘द हू’ बँडच्या पीट टाउनझेंड यांना आणखी जोर हवा झाला आणि अशी दोन कॅब एकावर एक चढली. रॉक मैफलीतली काळ्या खोक्यांची भिंत ती हीच.

या भिंतीला पर्याय शोधण्याची धडपडही जुनी आहे. १९८२मध्ये ‘बॉस्टन’ बँडचे टॉम शोल्झ यांनी हेडफोनवर वाजणारा ‘रॉकमन’ आणला. १९८९मध्ये अँड्र्यू बार्टा यांचा ‘सॅन्सअ‍ॅम्प’ आला. ही दोन्ही अ‍ॅनालॉग उपकरणे होती. डिजिटल युगात १९९८चा लाल, घेवड्याच्या दाण्यासारखा ‘पॉड’ लाइन सिक्सने घरोघरी पोचवला. २००६मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅक्टल ऑडिओचा ‘अ‍ॅक्स-एफएक्स’ आणि २०११मध्ये जर्मनीच्या क्रिस्टोफ केम्पर यांचा ‘प्रोफायलर’ आला. प्रोफायलरची रीत वेगळी होती. तो खऱ्या अ‍ॅम्पला ठरावीक आवाज ऐकवतो, परत येणारे उत्तर टिपतो आणि त्यावरून त्या अ‍ॅम्पची प्रतिमा तयार करतो.

८ डिसेंबर २०१३ रोजी ‘मेटॅलिका’ या बँडने अंटार्क्टिकातल्या कार्लिनी या अर्जेंटिनाच्या संशोधन केंद्रावर मैफल केली. तिथल्या निसर्गाची शांतता मोडू नये म्हणून श्रोत्यांसाठी मोठे स्पीकर लावले नव्हते. सगळ्यांनी मैफल हेडफोनवर ऐकली. याच बँडचे गिटारवादक पुढे जगभरच्या दौऱ्यांत अ‍ॅक्स-एफएक्स वापरू लागले.

टाळी आणि घुमट

लाकूड, कागद आणि हवा यांनी बनलेले कॅब गणितात कसे उतरते? विजापूरच्या गोल घुमटात एक टाळी वाजवली की जे ऐकू येते, त्यात त्या घुमटाचा सगळा स्वभाव असतो: आवाज किती वेळाने परततो, कितीदा परततो, कोणता भाग टिकतो आणि कोणता विरतो. ते उत्तर नेमके टिपले, तर घुमटात कोणतेही गाणे कसे ऐकू येईल हे गणिताने काढता येते. कॅबलाही अशीच ‘टाळी’ ऐकवतात. प्रत्यक्षात ती खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत सरकत जाणारी शिट्टी असते. माइकने टिपलेल्या उत्तराला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात, आणि वादकांच्या तोंडी ते नुसते ‘आयआर’ असते.

एका सेकंदाच्या आवाजाचे ४८,००० नमुने घेतले, तर कॅबचे उत्तर बहुधा २,०४८ आकड्यांत मावते. म्हणजे सुमारे ४३ मिलिसेकंद, डोळ्याची पापणी लवण्यापेक्षाही कमी. मॉडेलर गिटारचा प्रत्येक नमुना या सगळ्या आकड्यांतून गाळतो. सरळ पद्धतीने हिशेब केला तर सेकंदाला ९ कोटी ८३ लाख गुणाकार होतात. गणिताच्या चलाख रीतींनी हे काम हलके करतात, आणि वादकाला वाट पाहावी लागते ती काही मिलिसेकंदच. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तीन मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे कॅबपासून एक मीटर दूर उभे राहिल्यासारखे.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. आयआर नुसत्या कॅबची नसते. ठरावीक माइकने, ठरावीक जागेवरून ऐकलेल्या कॅबची असते. माइक शंकूच्या मध्यावरून कडेकडे दोन बोटे सरकवला तरी चकचकीत आवाज मऊ होतो. म्हणून एकाच कॅबच्या अनेक आयआर मिळतात, आणि आज सेलेस्टियन स्वतःच आपल्या स्पीकरांच्या आयआर विकते.

पहिली वाट: पॉवर्ड मॉनिटर

पॉवर्ड मॉनिटरमध्ये स्पीकर आणि त्याला चालवणारा पॉवर अ‍ॅम्प एकाच डब्यात असतात. त्याने आवाजात स्वतःचे काही घालू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. म्हणून इथे मॉडेलरमधले कॅब, म्हणजे आयआर, चालू असलेच पाहिजे. ते बंद राहिले तर पाच हजारांची भिंत नाहीशी होते आणि तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. ‘डिजिटल म्हणजे कर्कश’ ही तक्रार पुष्कळदा इथूनच सुरू होते.

या वाटेचा मोठा फायदा विविधतेचा. एका गाण्यात फेंडरचे उघड्या पाठीचे कॅब आणि दुसऱ्यात मार्शलचे बंद कॅब, बदल एका पायाने होतो. मिक्सरकडेही तोच आवाज जातो, त्यामुळे वादक आणि श्रोते जवळपास एकच गोष्ट ऐकतात.

तरी दोन खबरदाऱ्या हव्यात. मॉनिटर जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवला की खर्ज फुगतो. तो स्टँडवर उचलावा, किंवा मॉडेलरमध्ये ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा आवाज छाटावा. दुसरी खबरदारी कानाची. १९३३मध्ये बेल लॅब्जमधले हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी दाखवून दिले, की आवाज हळू असताना कानाला खर्ज आणि खूप वरचे सूर कमी ऐकू येतात. म्हणूनच घरी रात्री हळू आवाजात जुळवलेला प्रीसेट (साठवलेली मांडणी) मंचावर जोरात वाजवला की खाली घुमतो आणि वर टोचतो. प्रीसेटवर शेवटचा हात मैफलीच्या आवाजातच फिरवावा.

दुसरी वाट: खरे कॅब

गिटारच्या कॅबला पाच हजारांची भिंत जन्मतःच असते. मॉडेलरमधले कॅबही चालू ठेवले तर दोन भिंती होतात आणि गिटार गोधडीखालून बोलल्यासारखी ऐकू येते. म्हणून इथे आयआर बंद.

मॉडेलरची वीज कॅब हलवण्याइतकी नसते, मधे पॉवर अ‍ॅम्प लागतो. तो व्हॉल्व्हचा असेल तर मॉडेलरमधला पॉवर अ‍ॅम्पचा भाग बंद करून पाहावा, कारण तो रंग खरे व्हॉल्व्हच देतील. ट्रान्झिस्टरचा किंवा क्लास-डी असेल तर तो भाग चालू ठेवावा. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पवर ओहमचा आकडा कॅबशी जुळवावा, आणि कॅब न जोडता तो कधीही चालू करू नये. आतल्या ट्रान्सफॉर्मरला धोका असतो. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला लिहिलेल्या किमान ओहमपेक्षा कमीचे कॅब जोडू नये. दोन्हीकडे अ‍ॅम्प ते कॅब अशी तार स्पीकरचीच हवी, गिटारची नव्हे.

मग एवढा खटाटोप कशासाठी? कॅब खोलीत वाजते तेव्हा तिथली हवा हलते, खालचे सूर पायांना आणि छातीला जाणवतात. मॉनिटरवर ऐकू येते ते माइकने टिपलेले कॅब. दोन्ही आवाज खरे आहेत, पण एक खोलीचा आहे आणि दुसरा ध्वनिमुद्रणाचा. वर्षानुवर्षे कॅबसमोर उभ्या राहिलेल्या वादकाला मॉनिटरवर काहीतरी हरवल्यासारखे वाटते, ते यामुळे.

कॅबचेही काही दोष आहेत. बारा इंची स्पीकर वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ फेकतो. बाजूला उभ्या वादकाला आवाज बोथट लागतो आणि समोरच्या रांगेच्या कानांत तोच खुपतो. कॅब थोडे तिरके किंवा उंच ठेवले की हे कळते. जोराचा हिशेबही पाहावा. ‘व्हिंटेज ३०’ एका वॉटमध्ये एका मीटरवर १०० डेसिबल देतो, म्हणजे ५० वॉटला ११७. अमेरिकेच्या ‘नायोश’ या संस्थेची शिफारस ८५ डेसिबल आठ तास अशी आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटे मिळतात, तर ११७ला अर्धे मिनिटही नाही.

दोन्ही वाटा एकत्र

बहुतेक मोठ्या मॉडेलरांना एकाहून अधिक आउटपुट असतात. आवाजाची साखळी कॅबच्या आधी फोडून एक फाटा पॉवर अ‍ॅम्पमार्गे मंचावरच्या खऱ्या कॅबकडे न्यावा, आणि दुसरा आयआरमधून थेट मिक्सरकडे. वादकाला अंगावर येणारा आवाज मिळतो, श्रोत्यांना स्वच्छ आवाज मिळतो, आणि माइक हलला म्हणून टोन बिघडण्याची भीती उरत नाही.

आणखी एक मेळ कारखान्यातच घडतो आहे. फेंडरने २०१९मध्ये आणलेला ‘टोन मास्टर डिलक्स रिव्हर्ब’ दिसतो जुन्या अ‍ॅम्पसारखा आणि त्यात खरा १२ इंची स्पीकर आहे, पण व्हॉल्व्ह एकही नाही. २२ वॉटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची वागणूक हुबेहूब उभी करायला त्यात १०० वॉटचा डिजिटल पॉवर अ‍ॅम्प वापरला आहे. वजन सुमारे साडेदहा किलो, म्हणजे व्हॉल्व्हच्या जोडीदाराच्या निम्म्याच्या आसपास.

तुम्ही मॉडेलर घेणार असाल किंवा घरातला मॉडेलर मनासारखा वाजत नसेल, तर आयआरचे एक बटण चालू-बंद करून दोन्ही आवाज नीट ऐका. मॉनिटर असेल तर चालू, कॅब असेल तर बंद. तारेपासून कानापर्यंतच्या प्रवासात कॅब एकदाच आले पाहिजे, गणिताचे असो वा लाकडाचे. यंत्राची निवड त्यानंतर करा. आवाज कुठून बाहेर पडणार, हे आधी ठरवा.