तीस मिलिसेकंदांची पाळी

रेगेन्सबर्गचा दगडी पूल ११३५ ते ११४६ या काळात डॅन्यूबवर उभा राहिला. त्या पुलावरून हॅम, म्हणजे हौशी, रेडिओचा एखादा हातसंच मुंबईशी बोलू शकतो म्हटले की ऐकणारा चकित होतो. खरे तर त्यात फार नवल नाही. पाचेक वॅटचा संच उंचावरच्या रिपीटरपर्यंत, म्हणजे आलेला सिग्नल पुढे पाठवणाऱ्या केंद्रापर्यंत, पोहोचला की झाले. पुढचा सारा प्रवास इंटरनेटचा. जुने हॅम त्यावर नाक मुरडतात आणि त्यांचे अगदीच चूक नाही. नवल आहे ते त्या पहिल्या काही किलोमीटरांत.

तिथे चालणारी डीएमआर ही डिजिटल पद्धत युरोपच्या एट्सी या मानक संस्थेने २००५ मध्ये प्रसिद्ध केली. मुळात ती व्यावसायिक वापरासाठी होती, हॅम मंडळींनी नंतर उचलली. यात १२.५ किलोहर्ट्झ रुंदीच्या एकाच चॅनेलवर दोन स्वतंत्र संभाषणे चालतात. एका नळावर दोन घरांनी आळीपाळीने घागर लावावी, तसे: ३० मिलिसेकंद एकाचे, पुढचे ३० दुसऱ्याचे. या पाळीला स्लॉट म्हणतात. साठ मिलिसेकंदांचे बोलणे आकसून एका पाळीत बसवतात, आणि त्यातलेही अडीच मिलिसेकंद मोकळे सोडतात, म्हणजे शेजाऱ्याच्या घागरीला धक्का लागत नाही. ऐकणाऱ्याला कुठे तुटल्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय संच निम्माच वेळ प्रक्षेपण करत असल्याने बॅटरी जास्त टिकते.

मात्र नवा संच हाती आला की लगेच बोलतो, असे नाही. त्याला कोडप्लग लागतो. म्हणजे सगळ्या सूचनांची फाइल संगणकावर तयार करून केबलने संचात भरायची. जर्मनीत ७० सेंटिमीटर पट्ट्यातले बहुतेक रिपीटर ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतात, तिच्या ७.६ मेगाहर्ट्झ खाली ऐकतात. आपल्याला ४३९.००० वर ऐकू येत असेल, तर बोलायचे ४३१.४०० वर. मग कलर कोड: ० ते १५ मधला एक आकडा, रंगाशी काडीचा संबंध नाही. तो चुकला की रिपीटर ढिम्म हलत नाही. त्यानंतर स्लॉट आणि टॉकग्रुप, म्हणजे कोणत्या गटाशी बोलायचे त्याचा क्रमांक. ब्रँडमाइस्टर या जाळ्यावर २६२ म्हणजे जर्मनी, २६२८ म्हणजे बव्हेरिया, ४०४ म्हणजे भारत. २६२ आणि ४०४ हे मोबाइल सेवेतलेच देशांचे संकेतांक आहेत. प्रत्येक हॅमचा स्वतःचा सात आकडी क्रमांकही असतो. तो कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबतचे ओळखचिन्ह, असल्याशिवाय मिळत नाही, आणि कॉलसाइन परीक्षेशिवाय. जर्मनीत जून २०२४ पासून नवशिक्यांसाठी एन हा सोपा वर्ग आहे. हातसंचाला तेवढा पुरतो.

नवशिका हमखास अडकतो ते मात्र भलतीकडेच. संचावर हिरवा दिवा लागलेला, सिग्नलच्या पट्ट्या भरलेल्या, आवाज शून्य. स्पीकर गेला असे वाटते. बहुधा तो टॉकग्रुप ऐकण्याच्या यादीत घालायचा राहिलेला असतो: संचाला बोलणे पोहोचते आहे, पण ते आपल्याला ऐकवायचे आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

सगळे भरून झाले की ९९९० या क्रमांकाला खासगी कॉल करतात. त्याला पॅरट, म्हणजे पोपट म्हणतात. बटण दाबून दोन वाक्ये बोलायची, बटण सोडायचे. काही क्षणांनी तीच दोन वाक्ये परत येतात, जरा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी.