पाळी चुकण्याआधीची तयारी

मूल हवे असे ठरले की हल्ली अनेक जोडपी आधी मोबाइलवर पाळीची नोंद ठेवणारे अॅप घेतात. शेवटच्या पाळीची तारीख भरली की पडद्यावर काही दिवस रंगवून येतात आणि दोघांचे सगळे लक्ष त्या रंगीत दिवसांवर खिळते. दिवस हेरण्याला अर्थ आहेच. पण त्यात जेवढी चिकाटी दाखवली जाते, तिच्या निम्मीही आधीच्या तीन महिन्यांच्या तयारीत दिसत नाही. बाळाच्या प्रकृतीच्या दृष्टीने पाहिले तर हा क्रम उलटा हवा.

आधी दिवसांचा हिशेब पाहू. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. बीजकोशातून सुटलेले स्त्रीबीज मात्र जेमतेम बारा ते चोवीस तास टिकते. त्यामुळे बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, एवढ्याच काळात गर्भ राहू शकतो. अमेरिकेत अॅलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी 221 स्त्रियांच्या रोजच्या लघवीचे नमुने तपासून 1995 मध्ये हेच दाखवून दिले. हे सहा दिवस पाळीच्या दहाव्या ते सतराव्या दिवसांत येतात असे पाठ्यपुस्तके सांगत. पण याच संशोधकांच्या 2000 सालच्या अभ्यासात ते पूर्णपणे त्या चौकटीत बसलेल्या स्त्रिया केवळ 30 टक्क्यांच्या आसपास निघाल्या. पाळी मागेपुढे होते ती मुख्यतः बीज सुटण्याआधीच्या टप्प्यात, म्हणून निव्वळ तारखांवर चालणारे अॅप अंदाजच बांधते. सकाळी उठल्याउठल्या घेतलेले तापमान अर्ध्या अंशाच्या आतबाहेर चढते, पण बीज सुटून गेल्यावर. त्यापेक्षा योनिस्राव अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या भागासारखा पारदर्शक आणि ताणला तरी न तुटणारा झाला, तर ती खूण वेळेवर मिळते. लघवीतील एलएच (बीज सुटण्याआधी वाढणारे संप्रेरक) तपासणाऱ्या पट्ट्या साधारण एक-दीड दिवस आधी इशारा देतात. पाळी अनियमित असणाऱ्यांना किंवा कामानिमित्त वेगवेगळ्या गावी राहणाऱ्या जोडप्यांना याचा उपयोग होतो. पण दर दोन-तीन दिवसांनी संबंध येत असतील तर पट्टीवाचून फारसे अडत नाही. वर्षभरात दर शंभरांतल्या ऐंशीहून अधिक जोडप्यांकडे दिवस राहतातच.

आता दुसरा हिशेब. पाळी 28 दिवसांची आणि गर्भधारणा चौदाव्या दिवशी झाली असे धरू. पाळी चुकल्याचे लक्षात येते तेव्हा गर्भ दोन आठवड्यांचा असतो. आठवडाभर वाट पाहून घरी चाचणी केली तर तीन आठवडे झालेले असतात. घरात सांगून, नंबर लावून डॉक्टरांसमोर बसेपर्यंत पाचवा आठवडा उजाडतो. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात ती मज्जानलिका मात्र अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटलेली असते. ती वरच्या टोकाला उघडी राहिली तर मेंदू घडत नाही. खाली राहिली तर स्पायना बायफिडा होतो, म्हणजे पाठीचा कणा नीट जुळत नाही आणि अनेकदा पायांतली शक्ती जाते. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत लिहून दिलेली फॉलिक अॅसिडची गोळी या एका कामासाठी उशिराची ठरते.

या गोळीच्या कथेचा पहिला अध्याय मुंबईत घडला. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा शोध घेण्यासाठी ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये इथे आली. यीस्टपासून बनवलेल्या मार्माइटने तो रक्तक्षय बरा होतो, हे तिने 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. 1991 मध्ये सात देशांतील चाचणीचे निष्कर्ष आले: आधीच्या गर्भात मज्जानलिकेचा दोष आढळलेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अॅसिड दिल्यावर तो पुन्हा होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले. पुढच्याच वर्षी हंगेरीतल्या चाचणीत, असा इतिहास नसलेल्या स्त्रियांमध्ये, फॉलिक अॅसिडयुक्त गोळी घेणाऱ्या गटात एकही दोष आढळला नाही; दुसऱ्या गटात सहा आढळले.

फॉलिक अॅसिड हे ठळक उदाहरण, एकमेव नव्हे. बाळाचे हृदयही पहिल्या काही आठवड्यांतच आकार घेते, त्यामुळे मधुमेही स्त्रीची साखर त्याआधी आटोक्यात असावी लागते. रुबेलाची लस गरोदरपणी देता येत नाही. ती घेतल्यावर महिनाभर थांबावे लागते. अपस्मारावरचे व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक ठरू शकते, पण ते मनाने बंद करणेही धोक्याचे. बदल डॉक्टरांकडून आधीच करून घ्यावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ही तूट काही दिवसांत भरून निघत नाही. आणि तयारी एकटीची नसते. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून नवऱ्याने तंबाखू-सिगारेट सोडायची ती आजपासून.

'आमच्या आज्यांनी कुठे गोळ्या घेतल्या?' हा आक्षेप हमखास येतो. त्या काळी दगावलेल्या आणि अधू जन्मलेल्या बाळांची मोजदाद कोणी ठेवली नाही, हे त्याचे उत्तर. पालेभाज्या-डाळींत फोलेट असते हे खरे, पण शिजवताना त्यातले बरेच नष्ट होते. आहार चांगला असावाच, गोळी त्याच्या जोडीला. दुसरा आक्षेप वजनदार आहे: कितीतरी गर्भधारणा ठरवून होतच नाहीत, मग आधी तयारी कशी करणार? म्हणूनच ज्या स्त्रीला दिवस राहण्याची शक्यता आहे, अशा प्रत्येकीपर्यंत ही गोळी पोहोचायला हवी. 'अॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रम गर्भधारणेआधीपासून पहिल्या तिमाहीअखेर रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडचा सल्ला देतो. पण घराघरांत ओळखीची झाली आहे ती चौथ्या महिन्यापासून मिळणारी लोहाची गोळी.

तेव्हा गर्भनिरोधक थांबवण्याच्या निदान महिनाभर आधी फॉलिक अॅसिड सुरू करा आणि बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत घ्या. आधीच्या बाळात मज्जानलिकेचा दोष असेल, मधुमेह असेल किंवा अपस्माराची औषधे चालू असतील, तर मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवा. त्याच भेटीत हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. अॅप त्यानंतर उघडले तरी चालेल.