घोळणा, पाळी आणि शंभर टक्के

गणेशोत्सव असो की पुढाऱ्याचा वाढदिवस, शिरूर-दौंडच्या पट्ट्यात रक्तदान शिबिराचा मांडव पडतोच. बोट टोचून निघालेला थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं. तरंगत राहिला तर ‘दादा, पुढच्या वेळी या’. मग कार्डावर गट लिहिला जातो. बहुतेकदा ओ किंवा बी, कारण आपल्याकडे हेच दोन गट जास्त. आपलं रक्त कुणाला चालेल, एवढ्यापुरतंच ते अक्षर आपण लक्षात ठेवतो. पण रक्त साकळवणाऱ्या एका महत्त्वाच्या प्रथिनाचं आपल्या अंगातलं प्रमाणही बरंचसं त्याच अक्षरावर ठरतं. शिबिरात हे सांगायची गरज नाही. दवाखान्यात मात्र आहे, आणि तिथेही ते क्वचितच निघतं.

हे प्रथिन म्हणजे व्हॉन विलब्रँड फॅक्टर. शीर फाटली की हे लांबलचक रेणू तिथे चिकटतात आणि वाहत्या रक्तातल्या प्लेटलेट्सना धरून ठेवतात. शिवाय फॅक्टर आठला ते सांभाळून नेतात. ज्याच्या कमतरतेने हिमोफिलिया ए होतो, तोच हा फॅक्टर. १९२६ मध्ये फिनलंडचे डॉक्टर एरिक व्हॉन विलब्रँड यांनी ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध केली. त्यातली पाच वर्षांची मुलगी त्यांच्याकडे आली होती आणि तिची भावंडंही अशीच रक्तस्रावाने बेजार होती. वयात आल्यावर ती मुलगी पाळीतल्या रक्तस्रावानेच गेली. हिमोफिलिया मुख्यतः मुलग्यांना होतो. या कुटुंबातला आजार मात्र मुलींनाही तितकाच होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. तो याच प्रथिनाच्या कमतरतेने होतो आणि या प्रथिनाचं जनुक बाराव्या गुणसूत्रावर असतं, हे पुढे कळलं.

आता प्रमाणाकडे. रिपोर्टवर ५० ते २०० टक्के अशी ढोबळ ‘नॉर्मल’ मर्यादा छापलेली असते. यातले १०० टक्के म्हणजे पुष्कळ निरोगी माणसांचा प्लाझ्मा एकत्र करून धरलेला आकडा. कुणा एकाचा नव्हे. १९८७ मध्ये अमेरिकेत अकराशेवर रक्तदात्यांची मोजणी झाली. ओ गटात सरासरी ७५, ए गटात १०६, बीमध्ये ११७ आणि एबीमध्ये १२३ निघाली. माणसं सगळी धडधाकट, तरी ओ आणि एबी यांच्यात जवळपास पन्नासाचं अंतर. म्हणजे ६० टक्क्यांचा रिपोर्ट ओ गटाच्या माणसाला साधारणच, एबीवाल्याला मात्र कमीकडे झुकलेला. उलट बाजूही आहे: ए, बी, एबी या गटांत प्रमाण जास्त असल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका ओ गटापेक्षा अधिक असतो. कमी म्हणजे वाईट आणि जास्त म्हणजे चांगलं, असा हिशेब इथे लागू नाही.

असं का होतं, याचा धागा मुंबईतून जातो. या प्रथिनावर साखरेच्या साखळ्या असतात आणि तांबड्या पेशींप्रमाणे त्यांच्या टोकांवरही ए-बीच्या खुणा लागतात. ओ गटात ती शेवटची खूण नसते. त्यामुळे रेणू रक्तातून लवकर काढून टाकला जातो आणि एडीएएमटीएस १३ नावाचं विकर त्याला कापतंही लवकर. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एक अजब रक्तगट नोंदवला. त्यात ए-बी तर नाहीच, पण ओ गटातही असणारी मूळची एच खूणसुद्धा नाही. अशा माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही. त्याच्यासारखाच दुसरा शोधावा लागतो. पुढे २००५ मध्ये परदेशी संशोधकांनी या ‘बॉम्बे’ गटाची माणसं तपासली, तर त्यांच्यातही हे प्रथिन कमी आणि त्या विकरापुढे लवकर तुटणारं निघालं. साखरेच्या खुणेचा प्रथिनाशी संबंध आहे, याला मुंबईचं नाव लावलेल्या गटानेच बळ दिलं.

रक्तगटाखेरीज आणखीही जनुकं यात हात घालतात. २०१० मध्ये वीस हजारांहून जास्त लोकांच्या अभ्यासात अशी कित्येक ठिकाणं सापडली. पण ते सगळे युरोपीय वंशाचे. जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली केली, ही मोठीच गोष्ट. तरी नुसत्या जनुकांच्या अक्षरांनी भागत नाही. त्याच माणसांच्या रक्तातलं प्रमाणही मोजलेलं हवं. त्यासाठी शिरूर तालुक्याइतकी सोयीची जागा थोडीच असेल. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचं वढू बुद्रुक इथलंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं काम तिथे डॉ. बानू कोयाजींच्या काळापासून रुजलेलं आहे आणि भोवतालच्या गावांतल्या जन्म-मृत्यू-स्थलांतराची घरोघर नोंद होते.

मोजायचं म्हटलं तर अडचणी पुष्कळ. हे प्रमाण स्थिर नसतं: ताप, धावपळ, रडारड, गरोदरपण, वाढतं वय, सगळ्यांनी ते चढतं. थायरॉइड मंदावला तर उतरतं. सुईला घाबरून किंचाळणाऱ्या पोराचा आकडा खरा धरता येत नाही. तालुक्याच्या लॅबमध्ये ही तपासणी सहसा होत नाही; निळ्या बुचाची नळी पुण्याला जाते. पाठवणारा काळजीपोटी ती बर्फात घालतो आणि तिथेच घोळ होतो. न वेगळं केलेलं रक्त थंड ठेवलं तर हे प्रथिन खोटंच कमी दिसतं. नळी नेहमीच्या तापमानात ठेवून चार तासांत प्लाझ्मा वेगळा करायला हवा. वाघोलीची वाहतूक ज्याला माहीत आहे, त्याला हे चार तास कसे जातात ते सांगायला नको. प्लाझ्मा शिरूरलाच वेगळा करून गोठवून पाठवणं शहाणपणाचं.

पण नळीच्या आधी प्रश्न आहे तो विचारण्याचा. घोळणा फुटला की उष्णता म्हणून कांदा हुंगवतात. पाळीत जास्त जातं, तर आईलाही असंच जायचं म्हणून गप्प बसतात. आणि आनुवंशिक आजारात आईलाही तसंच असणं हाच तर पुरावा असतो! मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आपल्याकडे जुनी, त्यामुळे दोन्हीकडून सदोष जनुक आलेला तीव्र प्रकारही अधूनमधून दिसतो. तो लपत नाही. लपतो तो सौम्य प्रकार. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार प्रमाण ३० च्या खाली असेल तर आजार धरायचाच, आणि ३० ते ५० मध्ये असेल तर रक्तस्रावाची कहाणी ऐकून ठरवायचं. म्हणजे निम्मं निदान बाईच्या तोंडून येतं.

दौंड-शिरूरच्या उसाच्या फडांत बीडकडून कोयता घेऊन येणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या प्रकरणाची २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने चौकशी केली. तेरा हजारांवर बायांची शस्त्रक्रिया झाल्याचं पुढे आलं. त्यामागे मजुरी, खाडे, कर्करोगाची भीती अशी कारणं होती आणि तीच मुख्य. तरीही अंगावरून जास्त जातं म्हणून आलेल्या बाईला, पिशवीला हात लावण्याआधी, ‘दात काढल्यावर रक्त थांबलं होतं का?’ एवढं तरी विचारायला काय हरकत होती? ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या स्वस्त गोळ्यांनी कित्येकींचं भागतं.

बाळंतपणात तर फसगत आणखी सोपी. गरोदरपणात हे प्रमाण दुप्पट-तिप्पट होतं, म्हणून सौम्य आजाराची बाईही प्रसूती सुखरूप पार पाडते. मग पुढच्या एक ते तीन आठवड्यांत ते मूळच्या पातळीवर उतरतं आणि रक्तस्राव तेव्हा वाढतो. ती दवाखान्यातून घरी, बहुधा माहेरी आलेली असते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभ्या केलेल्या घरभेटींच्या पद्धतीवरून देशभर आशाताई आता तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला बघायला जातात. त्यांच्या फॉर्ममध्ये आईला दिवसाला किती पॅड बदलावे लागतात, हा प्रश्न असतो. रक्तगट तिच्या माता-बाल कार्डावर आधीच लिहिलेला आहे. चौदाव्या दिवशी पॅड वाढलेले दिसले, तर त्याच अंगणात बसून आणखी दोन गोष्टी विचारता येतील: लहानपणी घोळणा फुटायचा का, आणि आईला कसं जायचं.