घरचें तेल कीं बाहेरचें?

दसरा आटोपला कीं लातूर, उदगीर, वाशीम येथील बाजारांत सोयाबीनच्या पोत्यांची रीघ लागते. शेतकरी सकाळीं आडतीवर माल उतरवितो, सौदा होतो, मापें होतात, हमाली-तोलाई कापून पट्टी हातीं पडते. आणि दुपारीं घरीं परततांना तोच शेतकरी पंधरा किलोंचा तेलाचा डबा गाडींत टाकतो. डब्यावर नांव देशी कंपनीचें असतें. आंत बहुधा मलेशिया किंवा इंडोनेशिया या देशांतील पामचें तेल असतें, ज्यास दुकानदार पामोलीन म्हणतो. तेलबी विकावयाची आणि परदेशचें तेल विकत आणावयाचें, हा व्यवहार आतां इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्यांत कांहीं वावगें आहे असें कोणास वाटतहि नाहीं. देशी माल घ्यावा कीं परदेशी, हा वाद शहरांतील गिऱ्हाइकांचा, अशी आपली समजूत असते. आमच्या मतें तो आपल्या चुलीपाशीं येऊन बसला आहे, म्हणून त्याचा विचार आज येथें करण्याचें योजिलें आहे.

स्वदेशीचा विचार महाराष्ट्रास नवा नाहीं. लोकहितवादींनीं गेल्याच्या आदल्या शतकाच्या मध्यास आपल्या शतपत्रांतून तो मांडला. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारास खादीच्या पोषाखांत गेले. १९०५ सालीं पुण्यांत विलायती कपड्यांची होळी झाली, आणि पैसा फंडाच्या वर्गणींतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. ही हकीकत अभिमानाची आहे, यांत शंका नाहीं. तथापि तिच्यांत शेतकरी फारसा दिसत नाहीं, हेंहि खरें. कुणब्यानें त्या काळीं विलायती धोतर घेतलें तें देशाविषयीं प्रेम नव्हतें म्हणून नव्हे. त्यास तें परवडत होतें म्हणून. शिवाय देशी गिरण्यांच्या कापडावर सरकारनें १८९६ सालीं शेंकडा ३॥ प्रमाणें कर बसवून आयातजकातीचा आडोसा काढून घेतला होता. तो कर १९२६ सालीं उठला. ज्याच्या खिशांत मोजके पैसे आहेत त्यास नुसता उपदेश करून भागत नाहीं, हें तेव्हांहि खरें होतें व आजहि खरें आहे.

देशी माल शेतकऱ्यानें आपण होऊन घेतल्याचें ठळक उदाहरण नांगराचें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवास लोखंडी नांगर तयार केला तेव्हां परदेशी नांगर बाजारांत होतेच. लोखंडानें जमिनीस विष चढतें असा लोकांचा समज होता, आणि पहिले नांगर सुमारें दोन वर्षें तसेच पडून राहिले. पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली व हाच नांगर गांवोगांव गेला. हा देशी आहे म्हणून घ्या, एवढ्या शब्दावर तो गेला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. काळ्या जमिनींत हरळी-कुंद्यावर तो चालला, आणि फाळ झिजला तर दुसरा जवळपास मिळूं लागला, म्हणून तो गेला. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाचीहि हीच गोष्ट.

साखरेची हकीकत निराळी आहे व तिच्याकडे जरा लक्षपूर्वक पाहिलें पाहिजे. १९३२ च्या संरक्षण कायद्यानें परदेशी साखरेवर भारी जकात बसली. त्यापूर्वीं देशांत साखरेचे कारखाने तीस-बत्तीस होते. पुढील सहा-सात वर्षांत ते १३० च्या वर गेले, आणि जावा बेटाची साखर बाजारांतून जवळजवळ नाहींशी झाली. या काळांत खाणाऱ्यानें साखरेस जास्त दाम मोजले, हें कबूल केलें पाहिजे. ते दाम आधीं गेले कारखानदाराच्या पेटींत. ऊसवाल्यास किमान भाव ठरवून देण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस १९३४ च्या कायद्यानें मिळाला. आणि नगर जिल्ह्यांत ऊस पिकविणाऱ्यांच्याच मालकीचा कारखाना चालूं व्हावयास १९५० साल उजाडावें लागलें. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं प्रवरेच्या कांठीं जी खटपट केली ती हीच कीं, देशी मालाच्या नांवानें गिऱ्हाइकानें सोसलेला पैसा पिकविणाऱ्याच्या हातीं यावा. तेव्हां देशी माल घ्या असें कोणी म्हणूं लागला म्हणजे शेतकऱ्यानें त्यास प्रथम विचारावें कीं, बाबा, जास्तीचा पैसा जातो कोणाकडे?

आतां तेलाकडे वळूं. १९८६ सालीं केंद्र सरकारनें तेलबियांसाठीं एक खास मोहीम हातीं घेतली. त्या सुमारास देशांत तेलबियांचें पीक १०८ लाख टनांच्या आसपास होतें; तें १९९८-९९ पर्यंत २४७ लाख टनांवर गेलें. मध्यंतरीं १९९२-९३ च्या सुमारास तर देशास लागणाऱ्या खाद्यतेलांपैकीं शेंकडा तीनच काय तें बाहेरून येत होतें. म्हणजे आपला शेतकरी देशास तेल पुरवूं शकत नाहीं, ही गोष्ट खोटी. त्यानें तें पुरवून दाखविलें आहे. पुढें १९९४ सालीं पामतेलाची आयात खुली झाली. तेव्हां तिजवर शेंकडा ६५ जकात होती. ती चार-पांच वर्षांत शेंकडा १५ पर्यंत उतरली. आज देशाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून येतो: पामतेल इंडोनेशिया-मलेशियांतून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझिलमधून, सूर्यफुलाचें तेल रशिया-युक्रेनमधून, मिळून वर्षास दीड कोटि टनांच्या वर.

पामतेल स्वस्त आहे तें केवळ कोणाच्या लबाडीनें नव्हे. त्या झाडाच्या एका हेक्टरांतून वर्षास तीन-चार टन तेल निघतें. आपल्याकडे हेक्टरीं टनभर सोयाबीन झालें तर त्यांत तेल दोनशें किलोहि भरत नाहीं. एवढा फरक नुसत्या देशाभिमानानें भरून निघावयाचा नाहीं. परंतु स्वस्ताईचाहि एक धोका असतो, व तो २०२२ सालीं दिसून आला. फेब्रुवारींत युक्रेनचें युद्ध पेटलें आणि तिकडील सूर्यफुलाचें तेल अडलें. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियानें आपल्या लोकांस तेल पुरेना म्हणून पामतेलाची निर्गत सुमारें साडेतीन आठवडे बंद केली. इकडे भाव कडाडले. ज्या घरानें करडईचा पट्टा मोडून टाकला होता त्यासहि ते तोंड वर करून द्यावे लागले.

यावर जकात वाढवावी, असें आपण सभा-संमेलनांतून म्हणतों, व तें योग्य आहे. परंतु ती स्थिर पाहिजे. १४ सप्टेंबर २०२४ रोजीं सरकारनें कच्च्या तेलावरील एकंदर जकात शेंकडा ५॥ वरून २७॥ वर नेली. ३० मे २०२५ रोजीं ती १६॥ वर आणली. पेरणीच्या वेळीं एक व काढणीच्या वेळीं दुसरी, अशी जकात असेल तर शेतकऱ्यानें कशाच्या भरंवशावर बीं टाकावें? शिवाय जकात वाढल्यानंतरच्या त्याच हंगामांत सोयाबीन ४,८९२ रुपये या हमीभावाच्या खालीं विकलें गेलें, हें आपण सर्वांनीं सोसलें आहे. त्याचें एक कारण समजून घेतलें पाहिजे. सोयाबीनमध्यें तेल शेंकडा १८ ते २०. बाकीची सारी ढेप. ढेपेस गिऱ्हाईक नसेल तर नुसत्या तेलाच्या जकातीनें सोयाबीनचा भाव उठत नाहीं. म्हणून सोयातेलाचा डबा घेतला म्हणजे आपण सोयाबीनवाल्यास हात दिला, असें समजणें भोळेपणाचें आहे. त्यांतून तो डबा इथल्याच सोयाबीनचा असेल असेंहि नाहीं. कांडला, मुंद्रा या बंदरांवर परदेशांतून आलेलें कच्चें तेल तेथेंच शुद्ध होऊन देशी नांवाच्या डब्यांत भरलें जातें. कंपनी देशी, पत्रा देशी, मजूर देशी. बीं मात्र परक्या जमिनींतलें. डब्यावरील बारीक अक्षरांत तेलाचें नांव छापलेलें असतें. खताच्या गोणीवरील नत्र-स्फुरद-पालाशचे आंकडे आपण वाचावयास शिकलों. हीं अक्षरें वाचावयास कांहीं हरकत नाहीं. फरसाणाच्या व बिस्किटांच्या पुड्यावर तीं जरूर वाचावीं.

देशी म्हणजे नक्की काय, यावर कोणी तर्क लढवील कीं, भुईमूग तरी आपला कोठें? तो दक्षिण अमेरिकेंतून आलेला, सोयाबीन चीनकडचें, मिरचीहि परकी. हें सर्व खरें आहे. बीं कोठून आलें याच्याशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. तें कोणाच्या शेतांत वाढलें व त्याचा पैसा कोणत्या गांवांत फिरला, एवढेंच आम्ही पाहतों.

आतां घरचा हिशेब. आपल्या देशांत माणशीं वर्षास सुमारें १९ किलो तेल खपतें, आणि वैद्य मंडळी १२ किलो पुरे म्हणतात. सहा माणसांच्या घरास वैद्यांच्या हिशेबानें ७२ किलो लागेल. चांगली वाळलेली करडई क्विंटलास २५ ते २८ किलो तेल देते. म्हणजे पावणेतीन क्विंटल करडई झाली कीं वर्षाचें तेल निघालें, व दोन क्विंटलांच्या आसपास पेंड जनावरांस राहिली. बऱ्या भारी जमिनींत, नुसत्या ओलीवर, करडई एकरीं तीन-चार क्विंटल येते. म्हणजे ज्याच्यापाशीं दहा एकर कोरडवाहू आहे त्यानें एक एकर घरच्या तेलास राखला तर त्यास डबा आणावा लागणार नाहीं. पूर्वीं असेंच होतें. ज्वारीच्या पाट्यांत करडईचे तास असत, बांधाच्या कडेस ती कांट्यांमुळें कुंपणाचें काम करी, आणि कोंवळी असतांना तिची भाजीहि होई. महाराष्ट्रांत लाखों हेक्टरांवर असलेलें हें पीक आतां थोड्या हजारांवर आलें आहे. कांट्यांमुळें काढणीस मजूर मिळेना, हें त्याचें मुख्य कारण सांगतात; पण आतां गहूं-सोयाबीन काढणाऱ्या यंत्रानें करडईहि निघते, तेव्हां ती सबब पूर्वींइतकी राहिली नाहीं.

करडईच्या तेलाचे दोषहि सांगितले पाहिजेत. तें पामतेलापेक्षां लौकर खवट होतें. म्हणून वर्षाचें तेल एकदम गाळून ठेवूं नये. बीं कोरडें साठवून दोन-दोन महिन्यांचें काढावें, तीन-चार दिवस स्थिर ठेवून गाळ खालीं बसूं द्यावा, आणि वरचें तेल उजेड न लागेल अशा भांड्यांत भरावें. गांवांत घाणा उरलेला नाहीं, ही खरी अडचण आहे. पांच-पंचवीस शेतकऱ्यांनीं मिळून लहान एक्स्पेलर बसविला तर ती दूर होते. मात्र पेंड कोणी न्यावयाची व गाळणावळ काय, हें आधीं कागदावर ठरवावें. भागीचे उद्योग बुडतात ते बहुधा अशाच बारीक गोष्टींवरून.

जो मजूर रोजच्या रोज पावशेर तेल नेतो त्यास आम्ही कोणत्या तोंडानें सांगावें कीं, महाग तेल घे? त्यास आम्ही कांहींच सांगत नाहीं. जकात वाढवावी असें म्हणणाऱ्या आपण सर्वांनीं त्याच श्वासांत हेंहि म्हटलें पाहिजे कीं, गरिबास रेशनवर तेल मिळावें. लाकडी घाण्याचें तेल आतां शहरांत चैनीची वस्तु म्हणून खपतें, तें खपो. आमचें बोलणें आहे तें जमीनवाल्याशीं, ज्याला बीं पिकवितां येतें आणि लग्नकार्यांत आचारी सांगेल तें तेल मुकाट्यानें आणणें ज्याच्यावर बंधनकारक नाहीं. ऑगस्ट २०२५ मध्यें परदेशी कापसावरील शेंकडा ११ जकात वर्षअखेरपर्यंत उठविली तेव्हां आपण रास्त ओरड केली. त्या वेळच्या एका बैठकींत आम्ही सहज सभोंवार पाहिलें, तों निम्म्या सदऱ्यांत कापसाचा धागा नव्हता; आमच्या स्वतःच्या अंगावरील सदरा धरून.

या हंगामीं ज्यांस एक पट्टा करून पाहावयाचा आहे त्यांनीं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, जमिनींत ओल असतांना पेरावें. एकरीं चार ते पांच किलो बीं पुरें होतें. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर व दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर राखावें. सोलापूरकडचा ‘भीमा’ व परभणी विद्यापीठाचा ‘परभणी कुसुम’ हे वाण आपल्याकडे रुळलेले आहेत. पेरणी लांबली तर मावा फार पडतो, म्हणून तारीख चुकवूं नये.