सतत शर्करामापन आणि आरोग्यविमा : रुग्णाला काय सांगावे?

मधुमेही रुग्णाच्या दंडावर चिकटवलेली नाण्याच्या आकाराची पांढरी चकती आता रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही दिसू लागली आहे. मुंबईस नोकरीला असलेला मुलगा गावी राहणाऱ्या आईवडिलांसाठी ती पाठवतो. मग रुग्ण मोबाइलमधील आलेख आपल्यापुढे धरून दोन प्रश्न विचारतो. एक, या आकड्यांवर विश्वास ठेवावा काय? आणि दोन, याचे पैसे विम्यातून परत मिळतील काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वैद्यबंधू देऊ शकतात. दुसऱ्या प्रश्नास मात्र आपण ‘एजंटला विचारा’ असे म्हणून बाजूस होतो. एजंट आशा दाखवतो, रुग्ण खरेदी करतो आणि काही आठवड्यांनी नकाराचे पत्र घेऊन पुन्हा आपल्याकडेच येतो. हे टाळण्यासाठी या विषयाची मूलभूत माहिती वैद्यांस व औषधविक्रेत्यांस असणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

उपकरणाचे स्वरूप

सतत शर्करामापक, म्हणजेच प्रचलित भाषेत सीजीएम, रक्तातील शर्करा थेट मोजत नाही. त्वचेखाली गेलेला केसासारखा बारीक तंतू पेशींभोवतीच्या द्रवातील शर्करा दर काही मिनिटांनी मोजतो. त्यामुळे रक्तातील बदल तेथे उमटण्यास पाच ते पंधरा मिनिटांचा विलंब लागतो. भारतात अधिक प्रचलित असलेला सेन्सर १४ दिवस चालतो व नंतर टाकून द्यावा लागतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी तपासणीत जे दडून राहते ते यात दिसते, म्हणजे भोजनोत्तर उसळी आणि मध्यरात्रीची घसरण. २०१९ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बहुतेक प्रौढ मधुमेहींची शर्करा दिवसाच्या ७० टक्क्यांहून अधिक काळ ७० ते १८० मि.ग्रॅ. या मर्यादेत असावी, आणि ७० च्या खालील काळ ४ टक्क्यांहून कमी असावा.

खर्चाचे गणित

एका सेन्सरची किंमत साधारणपणे चार ते पाच हजार रुपयांच्या घरात आहे. वर्षभर सतत वापरायचा तर २६ सेन्सर लागतात. साडेचार हजार रुपये भाव धरल्यास वार्षिक खर्च १,१७,००० रुपये होतो. याउलट ग्लुकोमीटरची पट्टी वीस रुपयांस धरली व दिवसातून चार वेळा तपासणी केली, तरी वर्षाचा खर्च २९,२०० रुपये होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर व पट्ट्यांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील कर शून्य झाला. या सवलती स्वागतार्ह आहेत, परंतु वर्षाला लाखावर जाणारा सेन्सरचा खर्च त्यामुळे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येत नाही. म्हणूनच विम्याचा प्रश्न उपस्थित होतो.

विम्याची रचना खाटेभोवती

आपल्याकडील आरोग्यविमा मुळात रुग्णालयातील खाटेभोवती रचलेला आहे. प्रमाणित व्याख्येनुसार ‘रुग्णालयात दाखल होणे’ म्हणजे किमान सलग २४ तास आंतररुग्ण म्हणून राहणे. अपवाद फक्त ठरावीक डे-केअर उपचारांचा. मधुमेह हा मात्र घरी, स्वयंपाकघरात व शेताच्या बांधावर सांभाळावयाचा आजार आहे. पाय कापावा लागला तर विमा खर्च देतो. पाय वाचवण्यासाठी रोज करावयाच्या तपासणीचा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो. सीजीएमला होणाऱ्या नकाराचे मूळ या रचनेत आहे.

याचे पुरावे पॉलिसीच्या मागील पानांवरच सापडतात. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०१९ साली वगळलेल्या बाबींचे शब्दांकन सर्व कंपन्यांसाठी समान केले. त्यातील चौथ्या कलमानुसार केवळ तपासणी व मूल्यमापनासाठी दाखल झाल्यास तो खर्च देय नाही. चौदाव्या कलमानुसार चिठ्ठीविना मिळणारी पूरके, जीवनसत्त्वे आदी देय नाहीत. दाखल असताना वैद्यकाने उपचाराचा भाग म्हणून लिहून दिली असतील तरच त्यांचा विचार होतो. अनेक पॉलिसींस जोडलेल्या अदेय वस्तूंच्या यादीत मधुमेहींची पादत्राणे व साखरेऐवजी घ्यावयाच्या गोड गोळ्या आहेत. ग्लुकोमीटर व पट्ट्या तर उपचारखर्चातच धरलेल्या म्हणून वेगळ्या न देण्याच्या यादीत येतात. घरी वापरावयाची बाह्य उपकरणे वगळणारे कलमही पुष्कळ पॉलिसींत असते. सीजीएमचे नाव यादीत नसले तरी कंपनी त्यास यांपैकी एखाद्या कलमाखाली बसवते.

सरकारी योजनांतही हेच तत्त्व आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी राज्याची योजना, तसेच २०१८ ची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, या दोन्ही रुग्णालयीन उपचारांसाठी आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न ठेवता ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले. आपल्या जिल्ह्यातील एकटे राहणाऱ्या वृद्धांसाठी ही मोठी सोय आहे. परंतु बाह्यरुग्ण म्हणून घेतलेला सेन्सर तीत बसत नाही, हे त्यांस स्पष्टपणे सांगावे.

इतर देशांत चित्र वेगळे आहे. इंग्लंडमध्ये मार्च २०२२ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रकार १ च्या सर्व प्रौढांना हे मापन देऊ करण्यास सांगितले. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने एप्रिल २०२३ पासून इन्सुलिन घेणाऱ्या सर्व मधुमेहींना, तसेच इन्सुलिन न घेताही शर्करा धोकादायकपणे घसरणाऱ्यांना, ते लागू केले. दोन्ही ठिकाणी निकष ‘रुग्णालयात होता काय’ हा नसून ‘कोणता धोका आहे’ हा आहे. आपल्याकडील मागणीचा रोखही तोच असावा.

पाहाव्यात अशा चार वाटा

नकार हा नियम असला तरी काही वाटा तपासून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली वाट आंतररुग्ण उपचारांची. तीव्र शर्कराल्पता अथवा कीटोअॅसिडोसिससाठी दाखल असताना उपचाराचा भाग म्हणून सेन्सर लावला गेला, तर तो रुग्णालयाच्या मुख्य बिलात मांडता येतो.

दुसरी वाट दाखल होण्याच्या आधीच्या व नंतरच्या खर्चाची. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत ही मुदत अनुक्रमे ३० व ६० दिवसांची आहे. डिस्चार्ज कार्डावर सेन्सरची शिफारस व तिचे कारण स्पष्ट लिहिलेले असेल तरच या वाटेने दावा उभा राहतो. मात्र बाह्य उपकरण म्हणून तो फेटाळला जाण्याची शक्यता राहतेच.

तिसरी वाट बाह्यरुग्ण संरक्षणाची. काही पॉलिसींत, विशेषतः मधुमेहींसाठी काढलेल्या पॉलिसींत, ही जोड मिळते. तिची वार्षिक मर्यादा बहुधा काही हजारांतच असते. त्यातून एखाद-दोन सेन्सर निघतील, वर्षभराचे नाही.

चौथी वाट नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक विम्याची. आपल्या जिल्ह्यात ही सर्वांत दुर्लक्षित आहे. मुंबई-पुण्यातील मुलाच्या कंपनीच्या पॉलिसीत गावचे आईवडील समाविष्ट असतात, आणि अशा पॉलिसींत बाह्यरुग्ण खर्चाची सोय व पहिल्या दिवसापासून जुन्या आजारांचे संरक्षण असण्याचा संभव अधिक. मुलाने मनुष्यबळ विभागाकडे लेखी विचारणा करून मगच खरेदी करावी. कामगार राज्य विमा योजनेत बाह्यरुग्ण उपचार आहेत. तेथेही आधी योजनेच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे विचारणा करावी. बाहेरून खरेदी करून नंतर बिल दाखवण्याचा मार्ग धोक्याचा आहे.

वैद्याचे स्थान व जबाबदारी

‘वैद्याच्या चिठ्ठीला विमा कंपनी मान देते काय?’ हा प्रश्न व्यवसायबंधू वारंवार विचारतात. प्रमाणित व्याख्येनुसार राज्य वैद्यक परिषदेप्रमाणेच भारतीय चिकित्सा परिषदेकडे नोंदणी असलेली व्यक्तीही ‘वैद्यकीय व्यावसायिक’ ठरते. अट एवढीच की तिने आपल्या परवान्याच्या कक्षेत काम करावे. त्यामुळे महाराष्ट्र भारतीय चिकित्सा परिषदेचा नोंदणी क्रमांक प्रत्येक चिठ्ठीवर छापलेला असावा. तसेच ३१ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकान्वये प्राधिकरणाने १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांस इतर उपचारांच्या बरोबरीने वागवण्याचे निर्देश कंपन्यांस दिले. मात्र ही समानता आंतररुग्ण उपचारांपुरती उपयोगी पडते, आणि आयुष रुग्णालयासाठी किमान पाच खाटा, चोवीस तास वैद्य व दैनंदिन नोंदी या अटी पाळाव्याच लागतात.

येथे दोन मोह टाळावेत. पहिला, सेन्सरचा खर्च निघावा म्हणून गरज नसताना रुग्णास पंचकर्मासाठी दाखल दाखवणे. वर सांगितलेल्या चौथ्या कलमाने असा दावा पडतोच. शिवाय आपल्या रुग्णालयाची विश्वासार्हता जाते आणि पुढील खऱ्या रुग्णाचाही दावा संशयाने पाहिला जातो. दुसरा मोह, रुग्णाच्या आग्रहाखातर ‘मधुमेह नुकताच आढळला’ असे लिहून देणे. पूर्वीपासून असलेल्या आजाराचा प्रतीक्षाकाल १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आला आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यास, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, कंपनीस माहिती लपवल्याचे कारण पुढे करता येत नाही. आजार सांगून तीन वर्षे थांबलेला रुग्ण सुरक्षित असतो. आजार लपवलेला रुग्ण नेमक्या संकटाच्या वेळी उघडा पडतो, आणि त्या वेळी आपला जुना केसपेपर पुरावा म्हणून मागवला जातो.

चिठ्ठीवर निदान, मधुमेहाचा प्रकार व कालावधी, चालू औषधे, सेन्सर सुचवण्याचे कारण (उदा. ‘रात्री वारंवार शर्कराल्पता’) आणि किती दिवसांसाठी, एवढे लिहावे. वापरानंतर १४ दिवसांचा अहवाल छापून नस्तीत ठेवावा. दिवसाला ५०० मि.ग्रॅ.हून अधिक क जीवनसत्त्व घेतल्यास काही सेन्सर शर्करा खोटी वाढलेली दाखवतात. आमलकीचे कल्प अथवा आवळ्याचा रस भरपूर प्रमाणात घेणाऱ्यांच्या बाबतीत हे ध्यानात असावे. त्या कुशीवर झोपल्याने दंड दाबला गेला तर आकडा खोटा कमी दिसतो. लक्षणे व आकडा जुळत नसल्यास बोटातील रक्ताची तपासणी करूनच निर्णय घ्यावा.

औषधविक्रेत्यांसाठी

केवळ आयुर्वेदीय औषधे विकण्यास विक्री परवाना लागत नाही, म्हणून अनेक दुकानदार सेन्सरही त्याच समजुतीने ठेवतात. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. ज्यांच्याकडे अॅलोपॅथिक औषधांचा विक्री परवाना नाही, त्यांनी २०२२ च्या दुरुस्तीनुसार अन्न व औषध प्रशासनाकडून एमडी-४२ नमुन्यातील नोंदणी प्रमाणपत्र घेणे आवश्यक आहे. बिलावर रुग्णाचे नाव, चिठ्ठी देणाऱ्याचे नाव, बॅच क्रमांक व तारीख असावी. साध्या कागदावरील पावती कोणत्याही दाव्यात टिकत नाही. ‘विम्यातून मिळेल’ असे काउंटरवर सांगू नये. त्याचप्रमाणे सेन्सरचा आलेख दाखवून ‘मधुमेह मुळासकट बरा’ अशी जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याखाली गुन्हा आहे, कारण मधुमेह त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे.

कोणास सुचवावा?

चरकाचार्यांनी प्रमेहींचे स्थूल-बलवान व कृश-दुर्बल असे दोन वर्ग करून चिकित्सा वेगळी सांगितली आहे. खर्चाचा विचारही तसाच करावा. इन्सुलिनवर असलेली मुले व तरुण, रात्री शर्करा घसरणारे वृद्ध, मधुमेही गर्भवती, यांच्यासाठी हा खर्च प्रथम करावा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांसोबत मधुनाशिनी, मेथी वा कारल्याचे कल्प स्वतःच्या मनाने घेणाऱ्यांतही शर्करा नकळत घसरू शकते. तेथे १४ दिवसांचा एक सेन्सर पुष्कळ काही सांगून जातो. केवळ गोळ्यांवर स्थिर असलेल्या रुग्णास वर्षभर सेन्सरची गरज नाही. त्यास एकदाच, योजनापूर्वक लावावा. एक आठवडा नेहमीचा भात व पेज, दुसरा आठवडा नाचणीची भाकरी व भाजी, हंगामात हापूसची एक फोड, आणि रोज जेवणानंतर वीस मिनिटे चालणे. पथ्यापथ्य रुग्णास स्वतःच्या आलेखात दिसले की त्याविषयी वेगळा उपदेश करावा लागत नाही.

शेवटी रुग्णास सांगावयाचे ते थोडक्यात असे. खरेदीपूर्वी कंपनीस लेखी विचारावे. नवीन पॉलिसी घेतल्यास ग्राहक माहितीपत्रक मराठीतून मागावे व नापसंत पॉलिसी ३० दिवसांच्या आत परत करावी. दावा नाकारला गेल्यास कोणत्या कलमाखाली, हे लेखी घ्यावे. कंपनीच्या तक्रार विभागाकडून महिनाभरात समाधान न झाल्यास वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही व वकीलही लागत नाही. आणि पैसे परत मिळतीलच असे धरून कोणीही कर्ज काढून सेन्सर घेऊ नये. ज्यास तो परवडत नाही, त्याच्यासाठी ग्लुकोमीटर, नियमित वही व आपले लक्ष ही साधने आजही पुरेशी उपयुक्त आहेत, हे आपण त्यास निःसंकोचपणे सांगावे.