चौकट : कच्चे अंग पक्के होते काय?

व्यावसायिक बास्केटबॉलपटूचे जे अंग विशीत दुर्बल असते ते अखेरपर्यंत दुर्बलच राहते, हा समज अमेरिकेतील एनबीए स्पर्धेच्या दप्तरी नोंदींपुढे टिकत नाही. मात्र प्रत्येक कौशल्य अभ्यासास सारखेच वश होते, असेही नव्हे.

मुक्तफेक : ३.०५ मीटर उंचीवरील कडे, फळीपासून ४.६ मीटरांवरील रेषा आणि प्रतिस्पर्ध्याच्या अडथळ्याचा अभाव, यांमुळे हे कौशल्य एकांतातील तालमीने सुधारण्याचा संभव अधिक असतो. १९८५-८६ च्या पदार्पणात शेकडा ४८ अचूकता असलेला कार्ल मलोन तिसऱ्या हंगामात शेकडा ७० वर पोहोचला.

दूरची फेक : तीन गुणांच्या फेकीत जेसन किडची अचूकता १९९४-९५ मध्ये शेकडा २७ होती, ती २००९-१० मध्ये शेकडा ४२ च्या वर गेली, पहिल्या आठ हंगामांत अशा केवळ तीन फेकी साधणाऱ्या ब्रूक लोपेझने २०१६-१७ या एकाच हंगामात १३४ साधल्या.

मर्यादा : शकील ओनीलसारख्या बलाढ्य खेळाडूची मुक्तफेकीतील अचूकता कारकीर्दीअखेर शेकडा ५३ च्या आतच राहिली.

आपल्याकडे : १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर ज्या वस्तीत घडले, त्या मुंबईच्या नागपाड्यातील चुरशीचे वातावरण नगर-सोलापूर मार्गावरील मिरजगावी लाभणे दुष्कर असले, तरी नियमबरहुकूम कडे व आखलेली रेषा एवढ्या सामग्रीवर मुक्तफेकीची मशागत तेथेही करता येईल, बचाव आणि सहकाऱ्यास चेंडू देण्याची समज यांना मात्र पूर्ण संघच हवा.